पीचवर भाजलेले रोडगे

प्रिय मामाजी,

सासऱ्याला कोणी 'प्रिय' लिहितं काय? तीर्थस्वरूप लिहायचं असतं, हे मलाही शाळेत शिकवलंय. पण तीर्थस्वरूप लिहिलं की पुढे साष्टांग नमस्काराशिवाय दुसरं काही सुचत नाही. आणि मला आज नमस्कार करायचा नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

काल क्लबच्या मैदानावर तुमची शोकसभा झाली. चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या, खुर्चीवर तुमचा फोटो. आमच्या लग्नातला फोटो कापून मोठा केलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर कोणाचा तरी नुसताच हात दिसतो. सगळं बेसा गाव आलं होतं. क्लबचे सेक्रेटरी गुरुजी बोलायला उभे राहिले. चार वाक्यं बोलले आणि चष्मा काढून पुसायला लागले. मग स्वतःला सावरायला म्हणून त्यांनी ती जुनी गोष्ट काढली.

"असा भोळा मानूस! पीच ओली आहे म्हणून तिच्यावर गौऱ्या पेटवनारा साऱ्या हिंदुस्थानात एकच, आपला दौलतभाऊ!"

सगळे हसले. डोळे पुसत हसले. तुमचा नातू, आमचा संजू, आता क्लबचा विकेटकीपर झालाय, तोही हसला. आणि मामाजी, मी पण हसले! पदर तोंडाला लावून हसले. घरी आले आणि वाढलेलं ताट झाकून ठेवलं. म्हणून हे लिहून राहिले आहे.

कारण त्या गौऱ्या तुम्ही पेटवल्या नव्हत्या. मी पेटवल्या होत्या. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. आता मी एकटीच उरले.

ती सकाळ आठवली की ती खरी होती असं वाटतच नाही. माझ्या लग्नाला जेमतेम सव्वा महिना झाला होता. संक्रांतीनंतरचा रविवार, क्लबचं वर्षाचं जेवण, आणि त्याच दिवशी शहरातल्या बर्डीच्या टीमसंगं मॅच. आत्याबाईंनी सासूच्या हुकमानं मला उजाडता उजाडता गौऱ्यांची पाटी डोक्यावर देऊन पुढे पाठवलं. "मैदानावर जाय, रोडग्यांचा जाळ लावून ठेव, आम्ही कणीक घेऊन येतोच." आणि धुकं काय होतं, बापा! हात लांब केला तर बांगड्या दिसत, बोटं दिसत नव्हती. कुठून तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, पण गाय नव्हती. मी चालत होते की तरंगत होते, कोण जाणे.

आणि त्या धुक्यात मला ती जागा दिसली. लांबट, सपाट, पिवळ्या मातीनं आणि शेणानं इतकी सुंदर सारवलेली, की पाय ठेवायला मन होईना. माझ्या माहेरी, उमरेडला, रोडग्यांचे कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजायचे असले की आदल्या दिवशी जागा सारवून ठेवतात. देवाचा नैवेद्य त्याच आरातून निघतो ना! मला वाटलं, सासर किती व्यवस्थित आहे! किती मोठी जागा सारवलीय, अख्ख्या गावाचे रोडगे भाजायचे म्हणून! मी चपला काढल्या, बरोब्बर मधोमध गौऱ्या रचल्या, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि काडी लावली.

क्रिकेट मी तोवर ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पीच म्हणजे काय असतं, हे मला कोणी सांगितलं होतं काय? तुम्ही सांगितलं होतं? सून आली तर तिला घर दाखवता, देव दाखवता, विहीर दाखवता. जिच्यापायी रोज संध्याकाळी तुम्ही माग सोडून पळत होता, ती तेवढी दाखवली नाही!

मग तुम्ही आलात. धुक्यातून आधी तुमचं पांढरं धोतर आलं, मग तुम्ही. मी जाळाला फुंकर घालत होते. मला वाटलं, मामाजी शाबासकी देतील. तुम्ही उभेच राहिलात. तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मागावर महिनाभर विणलेलं लुगडं कोणी कात्रीनं उभं फाडावं, तसा झाला होता.

"किती गौऱ्या लावल्या वं?" एवढंच विचारलंत.

"आणल्या त्या सगळ्या," मी म्हटलं. वर पुन्हा मान उंच करून!

तुम्ही खाली बसलात. जाळाच्या कडेच्या मातीवर तळवा टेकवला. मागावरच्या कापडावर तुम्ही असाच तळवा फिरवायचे, सूत कुठं ढिलं पडलंय ते पाहायला. तळवा भाजला असणार, पण तुम्ही तो काढला नाही. मग हळू आवाजात म्हणालात, "पोरी, ही पीच आहे. इथं पोट्टे खेळतात."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पाणी आणायला धावले, तर तुम्ही माझा हात धरलात. "आता पानी नको टाकू. पानी टाकलं तर अजून फुटन. जाळ होऊन जाऊ दे." आणि तेवढ्यात गुरुजी आले, मागून पोट्टे आले, आत्याबाई बायका घेऊन आल्या. गुरुजींचा आवाज धुकं फाडत आला, "कोनं पेटवली ही होळी? कोनं?"

मी तोंड उघडणारच होते. खरं सांगते, उघडणारच होते. तुम्ही पुढं झालात.

"म्या सांगतलं तिले. रातच्या दहिवरानं पीच ओली झाली होती. म्हटलं, थोडी ऊब देली तर सुकन."

मामाजी, रागावू नका, पण तुम्ही खोटं बोलण्यात अगदीच कच्चे होता! ज्या माणसाला चिमूटभर माती चोळून सांगता येई की आज चेंडू उसळेल की बसेल, तो माणूस म्हणतो, जाळ लावून पीच सुकवली! लहान पोरानं तरी विश्वास ठेवावा काय? पण ठेवला. सगळ्यांनी ठेवला. गुरुजींनी कपाळावर हात मारला आणि पोट्टे फिदीफिदी हसायला लागले. माझ्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला लिहू द्या. बर्डीचा कॅप्टन आला, त्यानं पीचवरचा काळा पोपडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलून पाहिला. मॅच बाजूच्या उघड्या जमिनीवर झाली, गुरं चरायची तिथं. चेंडू कधी घोट्याला लागे, कधी नाकाला. आपण हरलो. गुरुजींनी तीन वर्षं पत्रं लिहून लिहून बर्डीवाल्यांना गावात आणलं होतं, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

त्याच आरातले रोडगे मात्र भलते खमंग झाले, हे मी सांगू नये, पण सांगते. दुपारी ऊन पडलं, चिंचेखाली पंगत बसली. गावात तेव्हा सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं असं हे एकच ठिकाण. कोष्टी असो, नवबौद्ध असो, पाटलाच्या घरचा असो, आला तसा बसला. तुमचाच हट्ट होता तो. म्हणायचे, "टीममंदी संगं उभे राहता, मंग जेवाले काहून नाही?" बर्डीची पोरं वांग्याच्या भाजीत रोडगा कुस्करून, वर तूप ओतून, हात चाटत जेवली. मी तूप वाढत होते. तुमच्या पानाशी आले तर तुम्ही वर पाहिलंच नाही. "वाढ वं, हात आखडू नको," एवढं बोललात.

आणि संध्याकाळी क्लबची मीटिंग झाली. दौलतभाऊंनी यापुढे रोलरला आणि पीचला हात लावायचा नाही, असा ठराव झाला. वहीत लिहिला गेला. तुम्ही खाली सहीदेखील केलीत!

तो दगडी रोलर रस्त्याच्या कामावरून बैलगाडीत घालून तुम्हीच आणला होता ना? एकटेच ओढायचे ना? बॅट तुम्ही जन्मात हातात धरली नाही. तुमचं क्रिकेट म्हणजे ती बावीस पावलं जमीन. ती तुमच्याकडून गेली, आणि माझ्यापायी गेली.

चार दिवसांनी मी परसात रडत होते, तर तुम्ही विहिरीवर आलात.

"काहून रडून राहिली वं?"

मी म्हटलं, मी गुरुजींकडे जाते, खरं सांगते.

तुम्ही बादली खाली ठेवली. "गप राय. तुले या गावात जलमभर राहाचं आहे. नव्या सुनेनं आल्या आल्या गावाची पीच जाळली म्हनतीन, पाय वाईट म्हनतीन, अन् मंग घरातली भाकर जरी करपली तरी तुह्याच नावावर. माह्यं काय? माह्यावर हसतीन अन् इसरून जातीन."

विसरले नाहीत, मामाजी. चुकलातच तुम्ही. अठरा वर्षं झाली, दर संक्रांतीच्या जेवणात कोणीतरी विचारायचंच, "दौलतकाका, यंदा पीचवर वांगे भाजाचे काय?" आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मी तूप वाढत असायची.

पण मी तुम्हाला पाहत होते. मैदानाच्या बांधावर बसायचे तुम्ही, ऊन कलल्यावर. नवी पोरं उलटंसुलटं रोलर फिरवायची, भलत्या वेळेला पाणी मारायची.  तुमचे नुसते हात चालायचे, मांडीवरच्या धोतरावर, सपाट करत, सपाट करत. तुम्हाला वाटायचं कोणाचं लक्ष नाही.

आणि घरी? घरी मी सुताच्या कांड्या भरत बसायची आणि तुम्ही माग चालवत मातीच्या गोष्टी सांगायचे. काळी माती पाणी धरून ठेवते, पिवळी सोडून देते. रोलर सकाळी फिरवावा, दहिवर मुरल्यावर. भेग दिसली तर भरायची नाही, आधी तिला विचारायचं, ती कुठून आली. मागाचा आवाज, मधूनच तुमचा आवाज, बाहेर ऊन. मला झोप यायची आणि झोपेत ती पिवळी जमीन दिसायची, ओली, चमकणारी, तिच्यावर कोणाचंच पाऊल नाही. आजही दिसते. त्या स्वप्नात तुम्ही धुक्यातून रोलर ओढत येता. मी हाक मारते, आवाज निघत नाही. तुम्ही जवळून निघून जाता, माझ्याकडं न पाहता. रागानं नाही हो. कामात असता म्हणून.

बेसा गावात पीचबद्दल माझ्याइतकं आज कोणालाच कळत नसेल. संजूलाही नाही. आणि हे मी कोणाला सांगू?

म्हणून भांडायचं आहे. तुम्ही मला वाचवलंत, पण विचारलंत काय मला? माझी चूक होती, ती माझ्याजवळ राहू द्यायची होती. एक वर्ष बोलले असते लोक, दोन वर्षं बोलले असते. आत्याबाईंनी चार टोमणे मारले असते, मी आठ परत दिले असते, तुम्हाला माझी जीभ माहीत नव्हती काय? आधी मी भ्यायले म्हणून गप्प होते, हे कबूल आहे. पण मग संजू झाला, मग सवय झाली, मग गोष्ट इतकी हसण्याची झाली की मध्येच खरं बोलायला जागाच उरली नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी पाय चेपत बसायची, तेव्हा रोज ठरवायची, आज म्हणेन, मामाजी, मला माफ करा. रोज विचारायची, पेज घेता का?

काय बाई मी!

आता ऐका. संक्रांतीनंतरच्या रविवारी जेवण आहे. यंदा आत्याबाईंच्या गुडघ्यांमुळे सगळा स्वयंपाक माझ्याकडे आहे. गुरुजी नेहमीसारखं माईकवर "हॅलो, हॅलो" करतील, पंगत बसेल. पहिला रोडगा पानात पडायच्या आधी मी तो माईक मागून घेणार आहे. या वेळी आवाज निघेल. म्हणेन, "पीच मी जाळली. मामाजींनी नाही. त्यांनी मला झाकलं आणि मी त्यांना झाकू दिलं." एवढंच. जास्त बोलले तर रडेन, आणि रडले तर लोक माफ करून टाकतील. मला ते नको आहे.

मग गुरुजींना ती जुनी वही काढायला लावीन. त्या ठरावातलं तुमचं नाव त्यांनी सगळ्यांसमोर खोडायचं आणि तिथं माझं लिहायचं. यापुढे रोलरला हात मी लावायचा नाही. खाली सहीही करीन, तुम्ही केली होती तशी, न कुरकुरता. तुमच्यावरची बंदी उठेल, मामाजी. लई उशीर झाला, हे मला समजतं. पण उठेल.

लोक हसतील. त्यांना हसायची सवय आहे. हसू दे. तुम्हाला वचन देते, त्या दिवशी मी हसणार नाही.

तुमची सून,
सुमन