तिसरा आठवडा

दि. ९ मार्च

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. रविवारी गाडी घेऊन येता, भावाला तिकडे नेता, मोठ्या डॉक्टरांना दाखवून सगळ्या तपासण्या नव्यानं करता, हे वाचलं. ‘तिथे त्याची आबाळ होते’ हेही वाचलं. फोन करणार होते, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि सुनेपासून स्वयंपाकाच्या बाईंपर्यंत सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र. एकट्याच वाचा.

इकडची खुशाली अशी. यांच्या खुब्यात स्क्रू घातलेत, टाके सुकले. बसून जेवतात, पण उभं राहायला अजून दोघांनी धरावं लागतं. मोठी लेक तिच्या नोकरीच्या गावी आहे. धाकटीची परीक्षा तोंडावर आलीय. माझं शिवणकाम चालू आहे, सध्या शाळांचे गणवेश आलेत. हे बाथरूममध्ये घसरले हे खरं. फरशी मात्र ओली नव्हती. पंचावन्न वर्षांच्या माणसाचं हाड एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. तुम्हालाही तेच खटकलंय, म्हणून तर येताय.

मेंदूखालच्या ग्रंथीतली यांची गाठ काढली तेव्हा तुम्ही महिनाभर येऊन राहिलात, ते मी विसरले नाही. आता शरीर स्वतःहून टेस्टोस्टेरॉन बनवणार नाही, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागेल, असं ठरलं. ते टोचायला मी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून शिकले. इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण तुम्हाला मी नेमकी तिसऱ्या आठवड्यात बोलवायचे.

इंजेक्शन दिलं की पहिला आठवडा यांचा. चेहरा लाल, पाठीवर कॉलेजातल्या पोरासारखे फोड, पाय सुजलेले, घोरणं असं की धाकटी कानात कापूस घालून अभ्यास करायची. आणि हात सुटायचा. ताट भिरकावलेलं, मोठीचं मनगट पिरगळलेलं, माझं तर विचारूच नका. दुसऱ्या आठवड्यात नुसता आवाज. तिसऱ्यात माणूस निवायचा. आम्ही घर त्या बेतानं चालवायचो. प्रगतिपुस्तक तिसऱ्या आठवड्यात, सहलीची परवानगी तिसऱ्या आठवड्यात, पाहुणेही त्याच आठवड्यात. यांच्या फर्निचरच्या कारखान्यातले सुतारसुद्धा रजा मागण्याआधी मला हळूच विचारायचे, “बाई, कितवा चाललाय?”

मी डॉक्टरांना सांगितलं नाही असं समजू नका. ते म्हणाले, डोस कमी करून लवकर लवकर देऊ, म्हणजे चढउतार कमी होईल. पण बायकापोरांवर हात उचलणं हे काही औषधाचं काम नाही, तो स्वभाव, असंही म्हणाले. खरंच आहे ते. गाठीच्या आधीही हे असेच होते, फक्त तेव्हा आठवडा कळायचा नाही. पण डोस कमी करायचं म्हटल्यावर हे उसळले. “मला बाई करून ठेवायचंय का तुम्हाला?” डॉक्टरांनी जुनाच डोस लिहून दिला. त्यांना काय, ते त्यांच्या घरी गेले.

मग यांचं रक्त घट्ट झालं. या औषधानं होतं तसं. गुठळी होऊन जिवावर बेतेल म्हणून तीन महिने इंजेक्शन बंद केलं, जास्तीचं रक्तही काढून टाकलं.

त्या तीन महिन्यांबद्दल तुम्हाला कसं सांगू? हे सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडायचे. अंगातून वाफा निघतात म्हणायचे, बातम्या बघता बघता रडायचे. आणि धाकटीला बुद्धिबळ शिकवायचे, ती चुकली तर चाल परत घेऊ द्यायचे. माझ्यासाठी सुयांत दोरे ओवून ठेवायचे. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर मला हा माणूस आवडायला लागला. लिहायला लाज वाटते, पण आवडायला लागला.

रक्त ताळ्यावर आलं आणि डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्या दिवशी धाकटीनं बुद्धिबळाचा पट स्वतःच आवरून माळ्यावर टाकला आणि आपल्या खोलीला आतून कडी बसवून मागितली.

तेव्हापासून मी यांना व्हिटॅमिन टोचते आहे. रंग तसाच, पिवळा. फक्त खरं औषध तेलकट असतं, सुईतून हळू उतरतं, आणि व्हिटॅमिन पाण्यासारखं पळतं, म्हणून मी मुद्दाम सावकाश ढकलते. हे पालथे पडून म्हणायचे, “तुझा हात हलका आहे हं.” तपासणीला चला म्हटलं की हेच टाळायचे, माझ्या पथ्यावरच पडलं. गाठीनंतर सुरू झालेल्या बाकीच्या गोळ्यांतली एकही मी चुकवली नाही. त्या चुकल्या तर माणूस जातो, आणि मला यांना मारायचं नव्हतं.

खरं औषध थांबलं की हाडं ठिसूळ होतील हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. वाईट वाटलं का म्हणाल, तर वाटलं. थांबावंसं वाटलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी रक्त तपासलं तर हार्मोन जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी यांच्यादेखतच मला विचारलं. मी म्हटलं, देते की वेळच्या वेळी. घरी आल्यावर यांनी विचारलं तेव्हा मात्र खरं सांगितलं.

“किती दिवस?”

“दीड वर्ष.”

यांनी हातानं खुबा चाचपला. मग म्हणाले, “आता खरं दे.”

“कपाटावर आहे,” मी म्हटलं. “दर वेळी आणून ठेवलंय. उठा आणि घ्या.”

एवढं बोलून मी मशीनवर बसले. हे संध्याकाळपर्यंत कपाटाकडे बघत पडून होते. मध्येच एकदा कोपरावर उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पडले. वन्सं, मला आयुष्यात कशाचंच एवढं समाधान मिळालेलं नाही. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा.

तेव्हा आबाळ होते हे तुमचं बरोबर आहे. नेणार असाल तर न्या, मी आडवी येणार नाही. औषधं बांधून देते, टोचायला शिकवते, काही अवघड नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा, पोलिसांत जायचं तर तिथेही जा. फक्त सुनेला आधी कल्पना द्या, आणि पहिल्या आठवड्यात नातवाला यांच्या वाटेत येऊ देऊ नका.

आणखी एक लिहिते आणि पुरं करते. तुमचा डावा कान लहानपणीच्या तापानं गेला, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मलाही तेच सांगितलंत. यांनी मला खरं काय ते सांगितलं, उशीत तोंड खुपसून. तुम्ही पुढं शिकायला बाहेरगावी जायचा हट्ट धरलात आणि धाकट्या भावानं कानाखाली ठेवून दिली. मग शिक्षणही राहिलं आणि कानही गेला. घरात कुणी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

यांना तुमची माफी मागायची आहे. रोज मनाशी घोकतात. रविवारी तुम्ही आलात की हात धरून, रडून मागतील. मी यांना तुमच्या उजव्या बाजूला बसवीन, म्हणजे नीट ऐकू येईल. मन भरेपर्यंत ऐकून घ्या. खरं औषध अंगात भिनलं की हेच शपथेवर सांगतील, ताईला तापच आला होता.

सोमवारी इंजेक्शनचा दिवस आहे. यांना इथेच ठेवणार असाल तर कुठलं भरायचं ते रविवारी निघण्याआधी मला सांगून जा.

कळावे,
तुम्ही सांगाल ते टोचणारी,
आपली भावजय