सुदामचा पट्टा

४ जाने.
या हातांनी केलेलं: मिरचीचे देठ खुडायचं यंत्र (तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं, नकाशा डोक्यातच). कांडप यंत्रं अकरा. घराचं गेट. पथारीवर मिरची पसरायचे दाताळे, ते मोजले नाहीत. आणि हर्नियाचा पट्टा एक. दुहेरी कॅनव्हास, पितळी बक्कल, कंबर ३४, वर दोन बोटं सैल. धाकट्या भावासाठी, सुदामसाठी.
पट्टा आज परत आला. सुरतच्या डॉक्टरने सोडून बाजूला टाकला, तपासलं, विचारलं, हर्निया कोणी सांगितला? अंडकोषात गाठ आहे. कॅन्सर. चार महिने वरून माझा पट्टा.
टाका एकही उसवलेला नाही.

५ जाने.
लिहूनच टाकतो. अठरा वर्षांपूर्वी मला हेच. एक काढलं. लोकांना सांगितलं हर्निया. खरं फक्त बायकोला माहीत. सुदामही हर्नियाच समजत आला. पोळ्याच्या सुमारास दुकानावर आला, "दादा, तुन्हासारखा मन्हाबी हर्नियाच शे. पट्टा बनाडी दे."
दाखव म्हणालो नाही. टेप काढला.
मनात आलं होतं. ३४ लिहिताना आलं होतं.

८ जाने.
सुदामचं ऑपरेशन झालं, घरी आणला. आता आधार द्यायला माणसं. आधार म्हणजे सहा केळी आणि दोन तास ठिय्या. एक जण पलंगाला टेकून घोरला. दुसरा कुजबुजला, "भाऊ, आते याले पोरेसोरे व्हतीन का नही?" सुदामच्याच दोन मुली त्या माणसाला पाणी देत होत्या.
सुदामने ऐकलं. "मी आते पोरे करू का केमो करू?"
हसला एकटाच. बाकीचे चपला शोधायला लागले.

१० जाने.
सुरत. समुपदेशनाच्या खोलीत विशीतली पोरगी. माहितीपत्रक दिलं, त्यावर उगवता सूर्य आणि दात काढणारं जोडपं. "काका, घरात यावर मोकळं बोलता का?" म्हटलं, घरात मी बोलतो, बाकीचे ऐकतात.
मग डॉक्टर. वडील, भाऊ, कोणाला होतं का? भावांना, मुलांना धोका जास्त असतो, वेळेत सापडलं तर बहुतेक बरे होतात, म्हणून विचारतो.
"नाही," म्हणालो.
गेट दोन सूत तिरकं बसलं तर लोहाराच्या तोंडावर फेकणारा माणूस मी. माझा निलेश बावीसचा.

११ जाने.
सुदामला सांगितलं. केळी सोलत होता. सोललेलं पुन्हा सालात गुंडाळलं.
"मंग पट्टा कसाले दिधा रे दादा?"
मी सालं गोळा करू लागलो.
लता, त्याची बायको, दारात उभी. तिने पट्टा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मोठ्या दिरासमोर ती कधीच बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
दुपारी डॉक्टरला फोन केला. खरं सांगितलं. तो म्हणाला, मुलाला आणा, आधी तुमच्या गावातच सोनोग्राफी करून घ्या. रागावला नाही. रागवायला हवं होतं.

१४ जाने.
संक्रांत. नि. नाशिकहून आला. कंपनीत मशीन चालवतो, बनवता येत नाही. तिळगूळ खात मोबाइल. म्हटलं, ठेव तो. सांगितलं सगळं, अठरा वर्षांचं.
"पप्पा, दरवाजा दोन सूत चुकला तर तुम्ही दरवाजा उतरवता."
"हो."
"आणि काकांना पट्टा?"
उठून गच्चीवर गेला. पतंग उडवला नाही. सोनोग्राफीचं चिठ्ठीवर लिहून जिन्यात ठेवलं: सोमवार, सकाळी दहा, बसस्टँडजवळ.

१६ जाने.
लताचा भाऊ दगाजी आला. सुदामच्या थोरलीची सोयरीक त्याने जमवली. सोनोग्राफी सेंटरवरचा माणूस नवऱ्या मुलाच्या गावचा निघाला. काका-पुतण्याला एकच रोग कळला तर सोयरीक मोडेल म्हणतो.
"पोरीनं लगीन व्हई जाऊ द्या भाऊसाहेब. तवलगून सोयरासले पोटमा पथरी सांगानी. निलेशले मंग दखाडा."
"लग्न कधी?"
"अखजीना मांगे."
अक्षय्य तृतीया, म्हणजे तीन महिने. सुदामचे चार झाले होते. म्हटलं, तुमच्या घरात सुतारकाम कोण करतं, दगाजी? माप नंतर घेता का?
समजला नाही. चहा पिऊन पिशवी ठेवून गेला. वाटलं, केळी.

१८ जाने., रविवार
नि. चार दिवस बोललेला नाही. चिठ्ठी जिन्यात नाही. त्याने घेतली, का वाऱ्याने, विचारलं नाही. उद्या दहाला मी तिथे उभा राहणार. सुदामही येतो म्हणाला, केमोच्या आदल्या दिवशी, मूर्ख. "मी ऱ्हायनू तं पोऱ्या लाजाव नही."
दगाजीची पिशवी सायकलला लावून त्याच्या ओट्यावर ठेवून आलो. आत चिठ्ठी निघाली होती: सुदामचा सगळा खर्च त्याचा, आम्ही फक्त पथरी म्हणायचं आणि निलेशला अखजीपर्यंत दाखवायचं नाही. चिठ्ठीखाली पाचशेच्या चार गड्ड्या. दोन लाख.