काळीकुट्ट मेंदी

बाबिकर,

लढाईतून पळून आलेल्या आम्हा बायकांसाठी काल इथल्या कसाला शहरातल्या बायकांनी शाळेच्या अंगणात मेळावा भरवला. कॉफी, गाणी आणि आपली काळी मेंदी. नवरा जिवंत असेल तिनेच मेंदी लावायची, हे तुला मी सांगायला नको.

मी हात पुढे केला आणि तुझी बहीण सगळ्यांदेखत कडाडली, "लाज नाही वाटत? माझा भाऊ गेला! पांढरं नेसून सुतकात बसायचं सोडून नटायला निघालीस?"

"त्याचं प्रेत पाहिलंत तुम्ही?"

"जिवंत असता तर एक फोन केला नसता?"

"वन्सं, तो धडधाकट होता तेव्हा तरी कधी वेळेवर फोन करायचा?"

बायका फिस्सकन हसल्या. वन्सं मात्र रडायला लागल्या. मेंदीवाल्या म्हातारीने माझा हात मांडीवर ओढला आणि विचारलं, "किती काळी हवी, पोरी?"

"होईल तेवढी काळी कर."

पण खरा राग तुझाच येतो मला. आपण नदी ओलांडून सुखरूप आलो होतो. तू कबुतरांना दाणे टाकून येतो म्हणून उम्दुर्मानला, त्या लढाईतल्या घरी, परत गेलास. अरे मूर्खा, कबुतरांना पंख असतात! भूक लागली की ती उडून जातात. तुला कुठे होते पंख?

हे पत्र कुठे धाडू? पण ऐकून ठेव. ही मेंदी उतरली की मी पुन्हा लावणार. मला पांढरं नेसवायचं असेल, तर आधी इथे ये आणि माझ्या डोळ्यांदेखत मर.

अजूनही तुझी बायकोच,
इख्लास