भिंतीपलीकडचं कढत पाणी

ता. ९ जानेवारी

तीर्थरूप ताईस कृतानेक नमस्कार.

त्यातले निम्मे आईकडे वळते कर. घ्यायचे की दारातूनच परत पाठवायचे, तो तिचा प्रश्न. भावजींना एक, सुटा.

आईला अक्षरं दिसेनाशी झाल्यापासून तुझ्या घरी पत्र म्हणजे जाहीर वाचन असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक सोय करतो. संस्कृत नाटकात एखाद्या पात्राचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जायला नको असेल, तर आधी ‘स्वगत’ अशी सूचना असते. पुन्हा सगळ्यांसाठी बोलू लागलं की ‘प्रकट’. शाळेत एवढं संस्कृत घोकलं, त्यातलं काहीतरी कामी यावं अशी माझी जुनी इच्छा आहे. तेव्हा ‘स्वगत’ दिसलं की तू मनात वाचायचंस, चेहरा सरळ ठेवून. तुला ते जमेल याची खात्री नाही, पण माझ्याकडे दुसरी नाटकमंडळी नाही.

(प्रकट) मी बरा आहे. जेवतो. काय जेवतो ते विचारू नये.

कारखान्यात टॉवेल पूर्वीइतकेच निघतात आणि इंधन, पाणी मात्र बरंच कमी लागतं. बचत समितीचा प्रमुख म्हणून साहेबांनी माझं अभिनंदन केलं, चहाबरोबर बिस्किट दिलं. रंगखात्यातल्या गळक्या तोट्या बदलण्यात आल्या. टॉवेलांच्या शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या मालाच्या पहिल्या धुण्याला वापरण्यात आलं. वाफेच्या पाइपांना जाड वेष्टण घालण्यात आलं. आणि वाफेचं पाणी बॉयलरकडे परत नेण्यात आलं. समितीच्या अहवालात सगळं असं आपोआप होतं. कर्ता कायम रजेवर.

भावजी शेजारी बसून ऐकत असतील आणि हे शेवटचं प्रकरण त्यांना कधीच नीट कळलेलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. भावजी, वाफ रंगाच्या यंत्रांत जाते, अंगातली उष्णता देऊन टाकते आणि तिचं स्वच्छ, कढत पाणी होतं. ते बॉयलरला परत दिलं तर त्याला गार पाण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमच्या बाबांना हे कळत होतं, ते बॉयलरचे फोरमन होते. पण परतीचा पाइप टाकणं वर्षानुवर्षं लांबत गेलं. गटारात कशाला सोडायचं म्हणून बाबांनी भिंतीला भोक पाडून ते पाणी मागच्या गल्लीत काढलं. गल्ली त्यावर न्हाली, वाढली. तुमच्या सौभाग्यवतींचे केस एवढे लांब कसे, असं तुम्ही लग्नात विचारत होतात, ते त्या पाण्याचं कर्तृत्व. आणि त्या पाइपाशेजारच्या सपाट दगडावर बसून आमच्या मातोश्रींनी पाळ्या लावल्या. आधी तान्ही मुलं, मग कामावर जाणारे, मग धुणी, दुपारी भांडी, आणि ज्यांनी आदल्या दिवशी भांडण काढलं ते सगळ्यांच्या शेवटी.

(स्वगत) ताई, आई तुला काय सांगते ते मला माहीत नाही, म्हणून झालं तसं लिहितो. भिंतीतला पाइप बंद झाला त्या दिवशी तिने मला विचारलं, “पाणी जातं कुठे आता?”

“परत बॉयलरमध्ये.”

“तिथे जाऊन काय करतं?”

“पुन्हा वाफ होतं.”

“म्हणजे तुमचं तुमच्याकडेच फिरतं.”

“हो.”

“बरं.”

एवढंच. आदळआपट नाही, रडारड नाही. मी न्हाणीघरात नवाकोरा गिझर बसवला, तिने त्यावर टॉवेल वाळत घातला आणि थंड पाण्याने अंघोळ केली. रोज. खोकली तरी. मग एका सकाळी म्हणाली, चार दिवस लेकीकडे हवापालटाला जाते. हवापालटाला कुणी पितळी बादली घेऊन जात नाही.

गल्लीतल्या बायका अजून सकाळी त्या कोरड्या पाइपासमोर येतात, थोडा वेळ उभ्या राहून बोलतात, जातात. आईच्या दगडावर कुणी बसत नाही. हे तिला सांगू नकोस. तिला वाटेल, मी बोलावतोय.

(प्रकट) थंडी कडक आहे. आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. ती नको म्हणेल, तेव्हा लाव.

तुझा,
धाकटा


ता. २७ जानेवारी

ताई, नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आईचा निरोप वाचला. “दगडावर शेवाळ धरलं का ते विचार.”

दगड रिकामा असल्याचा उल्लेख फक्त स्वगतात होता.

तू लहानपणी माझी चिठ्ठी शेजारच्या मुलीला द्यायला घेऊन गेलीस आणि वाटेत भेटेल त्याला वाचून दाखवलीस, तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. असो. सूचना तशाच लिहीत राहतो, निदान नाटकाची शिस्त म्हणून.

(प्रकट) शेवाळाबद्दल पुढे कधीतरी.

इकडे एक अडचण झाली आहे. रंगखात्यातली सगळी यंत्रं परतीच्या पाइपाला जोडल्यावर पंप वाजायला लागला. पंपात खडे भरून कुणीतरी तो हलवतंय, असा आवाज. बॉयलरवाला धुरंधर (हे नाव बाबांनी ठेवलेलं, आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते) धावत आला.

“साहेब, पंप दात खातोय!”

“कुणावर?”

“तुमच्यावरच असणार. मी काय केलंय त्याचं?”

कारण साधं आहे. पाणी इतकं कढत येतं की पंपात शिरल्याशिरल्या त्याची पुन्हा वाफ होऊ पाहते, आणि ते बुडबुडे फुटताना पंपाला आतून टोचतात. असंच चाललं तर पंप जाईल. उपाय दोन. एक, परतीचं पाणी जिथे साठतं ती टाकी लोखंडी मचाणावर उंच चढवायची, म्हणजे पाणी वरून जोराने पंपात उतरतं आणि त्याला वाफ व्हायला सवड मिळत नाही. दुसरा, टाकीतलं पाणी थोडं निववायचं. पहिल्यात सगळी उष्णता राहते, दुसऱ्यात थोडी जाते. परीक्षेत विचारलं तर उत्तर एकच आहे, टाकी चढवा.

(स्वगत, म्हणजे घसा साफ करून सावकाश वाच) मी साहेबांना दुसरा उपाय सांगितला.

ते म्हणाले, “तुम्ही मागे मचाणाचं काहीतरी म्हणत होतात ना?”

“म्हणत होतो.”

“मग?”

“मग विचार केला.”

“बरं. निववणार कशाने?”

“टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडू. त्यातून गल्लीतल्या सार्वजनिक नळाचं पाणी फिरवायचं. गल्लीतून गार येईल, गल्लीत गरम होऊन जाईल. आपला एक थेंब बाहेर जाणार नाही.”

“आणि आपली उष्णता?”

“जी पंपाला नकोय तेवढीच.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसतात तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असतं. “तुमची आई कशी आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हवापालटाला गेली आहे. “करा वेटोळं,” ते म्हणाले.

तुला वाटत असेल, मी विरघळलो. तसं नाही. एक हिशेब मला बरेच दिवस टोचत होता. भिंतीच्या आत आम्ही इंधन वाचवलं, आणि भिंतीबाहेर घराघरांत पाणी तापवायला एकेक शेगडी वाढली. शिंपीणकाकूंकडे तर दोन. समितीची हद्द भिंतीपाशी संपते, त्यामुळे आमचे आकडे चांगले आहेत आणि तेच मी अभिमानाने सगळ्यांना दाखवतो. वेटोळ्याचं समर्थन म्हणून हे मी साहेबांपुढे मांडू शकलो असतो. पण मांडलं नाही, कारण ते मला साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना सुचलं. खोलीत असताना डोक्यात दुसरंच होतं. टाकी चढवली तर इंधन अजून थोडं वाचेल हे मला माहीत आहे, धुरंधरला माहीत आहे, आता तुला. आजवर साहेबांनी विचारलं आणि मी माहीत असलेलं उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं.

(प्रकट) आईचा खोकला कसा आहे? “बरा आहे” असं तिने सांगितलेलं कळवू नकोस. तू ऐकलेला कळव.

तुझा,
धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

ताई, नमस्कार. भावजींनाही, त्यांनी पत्राखाली “वाचन रंगले” असा शेरा मारला आहे, तो पोचला.

आईचा निरोपही पोचला. “आता पुन्हा देतोय म्हणावं, मग काढलं होतं कशाला?” याला उत्तर आहे, पण त्यात बॉयलर येतो, आणि तिला बॉयलर ऐकायचा नाही.

(प्रकट) वेटोळं बसलं. भिंतीतल्या बाबांच्या भोकातूनच नवी नळी काढली, पण पूर्वीसारखी अखंड धो धो नाही. तोंडाला तोटी आहे, हवं तेव्हा उघडा, नको तेव्हा बंद करा. पहिलं पाणी आलं तेव्हा शिंपीणकाकूंनी बोट बुडवलं, चटकन मागे घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“किती दिवसांसाठी?”

“चालेल तोवर.”

“बापाने दिलं, लेकाने काढलं, आता लेकच देतोय. तुझी आई कुठाय?”

“ताईकडे. हवापालटाला.”

“बादली घेऊन?”

मी म्हटलं, काकू, पाणी घ्या, निवतंय.

संस्कृतात पाण्याला इतके शब्द आहेत की पाठ करताना घसा कोरडा पडायचा. उदक, सलिल, तोय, वारि. पाण्यावरून होणाऱ्या भांडणाला मात्र त्या भाषेत मला एकही चांगला शब्द सापडला नाही. गल्लीला मराठी पुरते. सकाळी सगळे एकदम येतात. कामावर जाणाऱ्यांच्या आधी कुणीतरी चादरी भिजवतं. तान्हं बाळ घेऊन उभी असलेली पोर रांगेच्या शेवटी राहते, आणि वेटोळं एका वेळी तापवून किती तापवणार, तिच्या वाट्याला येईतो पाणी कोमट झालेलं असतं. सगळे सगळ्यांना सांगतात की पाळ्या लावायला हव्यात. लावत कुणी नाही.

दुपारी सगळं उलट. भांडीसुद्धा सकाळीच उरकलेली असतात, तोटी बंद, वेटोळ्यात पाणी जागच्या जागी उभं, टाकी निवत नाही आणि पंप दात खायला लागतो. परवा दुपारी धुरंधर शिडी लावून भिंतीवर चढला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडला, “अहो, कुणीतरी पाणी घ्या हो!” कुणी बाहेर येईना म्हणून मीही चढलो. बचत समितीचा प्रमुख भिंतीवर बसून लोकांना पाणी वापरा म्हणून विनवतोय, हे दृश्य साहेबांनी खिडकीतून पाहिलं. नुसती तोटी सोडून ठेवणं हा उपाय नाही, ते पिण्याचं पाणी आहे, ते गटारात जाऊ द्यायला माझा हात धजत नाही. दुपारी कुणाचं तरी खरोखरीचं काम असायला हवं. भांडी, उदाहरणार्थ.

साहेबांनी मला बोलावलं. चष्मा नाकावरच होता. “वेटोळं दुपारी कामाचं नाही,” ते म्हणाले. “टाकी मचाणावर घ्यायची का? माणसं मोकळी आहेत, चार दिवसांत होईल.”

टाकी वर गेली की पंप गप्प बसेल. मग निववायला काही उरणार नाही आणि वेटोळं काढून टाकायचं, हेही त्यात आलंच. साहेबांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी “हो” म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, “विचारून सांगतो.”

“कुणाला?”

त्यांनी चष्मा काढला.

(स्वगत) इथे काही नाही. तू उगाच थांबू नकोस, पुढे वाच.

(प्रकट) आई,

हे ताई मोठ्याने वाचेल. तिचा आवाज बसला तर भावजींनी वाचावं.

पाणी चांगलं कढत आहे. सकाळी पाळ्या नाहीत, दुपारी भांडी नाहीत, म्हणून पंप वाजतो. पाळ्या लागल्या तर तो वाजणार नाही आणि वेटोळं राहील. नाही लागल्या तर मी टाकी वर चढवीन. तीही चूक नाही, खरं तर तेच जास्त बरोबर आहे, इंधन वाचेल. यात दोन्हीकडे माझा कारखाना चालू राहतो, तेव्हा माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस.

पण टाकी चढवायची का, ते मी तुला विचारतो आहे. मागच्या वेळी विचारलं नव्हतं.

शेवाळाचं तू विचारलं होतंस. धरत नाही. मी घासतो.

गाडी कोणती ते कळव. बादली मी उचलीन.

तुझा,
धाकटा