बाहेर तुमचं कोण आहे?

प्रिय म्हातारे,

आधी नाक मुरडून घे. म्हातारी म्हटलं की तुझा चेहरा कसा होतो ते मला इथे बसून दिसतंय. आणि हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचणाऱ्या शिपाईणबाई, तुम्हालाही नमस्कार. यात तुमच्याबद्दल वाईट काही नाही, तेव्हा काळी शाई फिरवायची तसदी घेऊ नका. फक्त एवढं करा, समितीच्या मुलाखतीच्या आधी हे तिच्या हातात पडू द्या. नंतर दिलंत तर त्याचा काही उपयोग नाही.

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. दोन ओळी गुडघ्यांच्या आणि दोन ओळींत तू जाहीर करून टाकलंस की या वेळी समितीपुढे बसणार नाहीस. दरवेळी तेच विचारतात, दरवेळी मी तेच सांगते, उगाच कशाला त्यांचा चहा गार करू, असं लिहिलं आहेस. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेकरीत पिठाचा गोळा असा आपटला की मालकीणबाई म्हणाल्या, अगं, पाव करायचाय, जीव घ्यायचा नाही कुणाचा. मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाला काय बोललो, आणि त्यांनी जीभ चावली. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की शेवटी त्याही हसल्या. चांगली बाई आहे. जन्मठेप भोगलेल्या बाईला कणकेजवळ उभं करायचं म्हणजे गंमत नाही.

इथलं विचारलंस, तर सांगते. याचं सरकारी नाव लांबलचक आहे, सुटकेपूर्वीचं कायसं निवासगृह. आम्ही मधलं घर म्हणतो. तुरुंग सुटला, पण घर काही अजून आलेलं नाही. दिवसा कामाला जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं, आठवड्यातून एक दिवस आपला, कुठे गेलो ते वहीत लिहायचं, बस. आम्ही सहाजणी आहोत. आल्याच्या पहिल्या संध्याकाळी काय झालं सांगू? मोजणीची वेळ झाली आणि आम्ही सहाच्या सहा आपापल्या खोलीतून बाहेर येऊन व्हरांड्यात ओळीने उभ्या! मोजायला कुत्रं नाही. वॉर्डनबाई आतून भाजी चिरता चिरता विचारतात, काय गं, काय झालं, आग लागली का? एकमेकींकडे बघून आम्ही जे हसत सुटलो, एक तर पोट धरून जमिनीवरच बसली. बेकरीत पहिल्या दिवशी हातात सुरी दिली, तर मी विचारलं सही कुठे करायची. आपल्या स्वयंपाकघरात सुरीला साखळी असायची ना, हात अजून तेवढाच जातो आणि थांबतो. मालकीणबाईंना वाटलं मला कापायला येत नाही.

हे सगळं तुला मिळायला हवं. मी तुझ्या शेजारच्या अंथरुणावर बारा वर्षं काढली आणि पुढे निघून आले, तू मात्र अजून त्या कडक बराकीत, दुहेरी कुलपाच्या आत. काल आलेल्या पोरी तुझ्या डोळ्यांदेखत खुल्या बराकीत जातात. तिथून इथे येतात. तिथे गेल्याशिवाय इथे येता येत नाही आणि इथे आल्याशिवाय सुटका नाही, अशी ही शिडी, आणि तुला पहिल्या पायरीवरच अडवून ठेवलंय.

आता जरा नीट ऐक. गेल्या महिन्यात सरकारने नव्याने नेमलेल्या देखरेख समितीच्या बाई इथे आल्या होत्या. त्याच, ज्या तुमच्याकडेही येऊन गेल्या आणि ज्यांनी तुरुंगाच्या साहेबांना एकेकीचं नाव घेऊन विचारलं म्हणे, की ही इथे का, ती तिथे का, आणि हे ठरवलं कुणी, शेवटचं कधी बघितलं. साहेबांना घाम फुटला होता असं तूच लिहिलं होतंस. मला वाटलं होतं, कुणी करडी मास्तरीण असेल. पण बाई सरळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या, चहा मागितला, आणि कडक बराकीत कोण कोण उगाच सडतंय असं मलाच विचारलं. मी तुझं नाव घेतलं. चिडू नकोस, घेतलं म्हणजे घेतलं.

सगळं सांगितलं त्यांना. नवऱ्याच्या रोजच्या माराला एकदा उलटा हात उचललास आणि तो पुन्हा उठला नाही, तेव्हा तू आपल्या पायांनी चौकीत जाऊन सांगितलंस, हे सांगितलं. पोर नणंदेकडे ठेवलीस, आणि जाताना तिला म्हणालीस, काही झालं तर हाक मार, मी असेन तिथून येईन, हेही. आणि मग पहिल्याच वर्षी पोरीला ताप चढला असा निरोप आला, त्या दिवशी धोबीघराच्या मागच्या भिंतीवर चादरी बांधून चढलीस आणि पडलीस. पाय मोडला तो मोडला, वर पळपुटी असा शिक्का बसला. तो शिक्का पुसायची संधी तुला दरवेळी मिळाली. मुलाखतीत समोरचे साहेब विचारायचे, संधी मिळाली तर पळाल का? आणि तू काय सांगायचीस? मुलीने हाक मारली तर जाईन! अगं बाई, मी किती डोकं आपटलं तुझ्यापुढे! नाही म्हण, दोन अक्षरं आहेत, जीभ झडत नाही म्हटलं. तर म्हणे, पोरीला शब्द दिलाय, तो या लोकांसमोर खोटा कसा पाडू. तुझा खरेपणा चुलीत घाल, असंही मी एकदा म्हटलं होतं आणि आठ दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एवढ्या एका उत्तरासाठी, म्हणाल्या, इतकी वर्षं? मग म्हणाल्या की आता तसं चालणार नाही. एखादीला कडक पहाऱ्यात ठेवायचं तर दरवर्षी नव्याने कारण द्यावं लागेल, जुना शिक्का दाखवून भागणार नाही, आणि तुझी मुलाखत त्या स्वतः घेणार आहेत. तुझ्या मुलाखतीसाठी त्या खास येतायत, आणि तू रुसून बसतेस! शेवटी त्यांनी विचारलं, बाहेर त्यांचं कोण आहे? माणूस सोडायचं तर कुणाच्या तरी दारात सोडावं लागतं, नाहीतर कागद पुढे सरकत नाही. मी म्हटलं, मुलगी आहे की. बाई कपाच्या कानाशी बोट फिरवत राहिल्या आणि मग विषय बदलला. ते त्यांचं विषय बदलणं मला फार खटकलं.

म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे गेले. हो, तुझ्या लेकीकडे. चष्म्याच्या दुकानात असते हे तू शंभरदा सांगितलं होतंस, सापडायला वेळ लागला नाही. दारातूनच ओळखलं. तुझी उंची, तुझं कपाळ, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून गिऱ्हाइकाकडे बघायची तीच तऱ्हा. आता आत जाऊन काय सांगायचं? डोळे दाखवायला आले म्हटलं. तिने मला खुर्चीत बसवलं, तो जड लोखंडी सांगाडा नाकावर चढवला आणि एकेक काच घालून विचारत राहिली, मावशी, हे बरं दिसतं का आधीचं? पुन्हा बघा, घाई नाही. तीन तीनदा विचारते, जराही वैतागत नाही. म्हणजे स्वभाव काही तुझा नाही. आणि खोटं सांगून गेले, तर खरंच नंबर निघाला! हे पत्र त्याच चष्म्यातून लिहिते आहे.

काचा बदलता बदलता मी तुझं नाव घेतलं. तिचा हात थांबला, पण तिने मला बाहेर काढलं नाही. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. बाजूच्या स्टुलावर बसली आणि मला म्हणाली की समाजकल्याण खात्याच्या बाई येऊन गेल्या, त्यांना जे सांगायचं ते सांगून झालं आहे. तिचं लग्न झालंय, घर छोटं पण नीटनेटकं आहे, नवऱ्याला सगळं ठाऊक आहे. बापाचं तिने कधीच मनातून काढून टाकलंय. आत्यानेच तिला मोठेपणी खरं काय ते सांगितलं, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून तुझ्याविषयी वाकडा शब्द आला नाही. मग अडलं कुठे, मी विचारलं. तर म्हणाली, तापात मी हाका मारत होते. आई म्हणाली होती ना, येईन. मी दाराकडे बघत होते. नंतरही किती वर्षं बघायचे. आली नाही.

मी काय केलं असेल? सांगून टाकलं. ती भिंत, चादरी, पडणं, सगळं. दरवेळच्या मुलाखतीतलं तुझं उत्तरसुद्धा. ती हातातली काच पुसत राहिली, पुसत राहिली. मग एवढंच विचारलं, कुठला पाय? डावा, मी म्हटलं. लहानपणी भेटायला यायची तेव्हा तुला लंगडताना बघून तिला वाटायचं आत तुला मारतात, म्हणून ती तुला विचारायला घाबरायची. आणि तू तर काय, विचारल्याशिवाय सांगणारी नव्हेस. दोघी एकाच मातीच्या! मग ती रडली, मीही रडले, तो सांगाडा माझ्या नाकावर तसाच.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले ते सांगते. इतका वेळ टाळलं. म्हातारे, ती नाही म्हणाली आहे. भिंतीचं ऐकल्यावरसुद्धा नाहीच म्हणाली. मावशी, मला आत्ता नाही जमणार, पुढचं मला माहीत नाही, असं म्हणाली. त्या ‘आत्ता’वर तू इमले बांधू नकोस, पण तो शब्द तिने वापरला आणि मी खोटं सांगत नाही. समाजकल्याणचा कागद मुलाखतीत तुझ्यासमोर वाचला जाईल, मुलीने जबाबदारी घ्यायला नकार दिला आहे असं कोरडं कोरडं. तुझा भाऊ गेल्याचं असंच टेबलापलीकडून कळलं होतं, तेव्हा तू महिनाभर तोंड उघडलं नाहीस आणि त्यांनी लिहिलं, सहकार्य नाही. या वेळी तसं होता कामा नये. म्हणून मी सांगते आहे, परक्याच्या तोंडून कळायला नको. काय रडायचं ते आत्ता रडून घे, शेजारचीला उठव, तिच्या मांडीवर डोकं ठेव, भिंतीवर हात आपट. मग तोंड धू आणि मुलाखतीला जाऊन बस. पळाल का विचारलं तर नाही म्हण. आता ते खोटं नाही गं, आता कुणी हाक मारत नाहीये. आणि बाहेर तुमचं कोण आहे, असं विचारलं की खाली मान घालू नकोस. मी पुढच्या महिन्यात सुटते आहे, बेकरीच्या वरची खोली मालकीणबाईंनी मला दिली आहे आणि तुझ्या नावाला त्यांची ना नाही. काल समितीच्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की तिला माझ्या दारात सोडा. नातं काय लिहू, त्यांनी विचारलं. बहीण, मी म्हटलं. रक्ताची का? तर म्हटलं, नाही, भांडणाची. त्या हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. त्यामुळे तुला विचारतील तेव्हा तुझ्या तोंडून तेच आलं पाहिजे, दुसरं काही बोललीस तर माझी फजिती होईल. खोलीत दोन खाटा लावून ठेवल्या आहेत, खिडकीजवळची तुझी.

तुझीच,
धाकटी