बायकोस घराबाहेर काढण्याबाबत

लिहून ठेवतो तो मी, धंद्याने पाट्या रंगवणारा, शिडीवरून पडल्यापासून कंबरेखाली लुळा, कंबरेवर ठणठणीत. वकील म्हणाला, डॉक्टरचा दाखला जोडा. डॉक्टर तपासून म्हणाला, "काका, तुमचं डोकं अगदी शाबूत आहे, घरच्यांची हीच तर अडचण आहे." तेव्हा हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नसून स्वतःच्या रागाखाली लिहीत आहे. याआधी केलेले दुसरे मृत्युपत्र नाही.

या कागदात कोणाचेही नाव येणार नाही. वकिलाने कपाळाला हात लावला, पण तो आमच्या गल्लीचा नियम आहे. गल्ली पाडून तिथे गोदामे बांधायची ठरली, तेव्हा आम्ही तो केला. पोलीस आले की दार उघडे ठेवायचे. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही, आणि एकाही प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, स्वतःचे नावसुद्धा सांगायचे नाही. उचलून नेले तर ओल्या गादीसारखे अंग टाकायचे; नेणाऱ्याची कंबर मोडली तर तो त्याचा प्रश्न. चार हवालदार आणि मध्ये लोंबकळणारी एखादी आजी, अशी वरात रोज निघायची. सभा कोण भरवतो हे ठाण्याला काही केल्या कळेना. शेवटी गल्ली वाचली. सभा भरवणारे मास्तर मात्र वाचले नाहीत, त्याचे कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम एक. मुलीस शिडी द्यावी. "बाबा, आईशी एक शब्द तरी बोला," असे ती दर फोनला म्हणते, म्हणून बाकी काही देऊ नये. शिडीची तिसरी पायरी सुटली आहे, हे जावयाला सांगायची गरज नाही.

कलम दोन. निवृत्त फौजदारास वाळलेल्या काळ्या रंगाचा डबा द्यावा. याने माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट टेबलाच्या खणात धरून खण बंद केला होता. आता हा रोज सकाळी कुत्रे फिरवायला माझ्या खिडकीखालून जातो आणि वर बघून नमस्कार करतो. मी तो कधी घेतलेला नाही. वाळलेला रंग तोंडाला फासता येत नाही, पण डबा घरात दिसेल अशा जागी ठेवावा.

कलम तीन. माझ्या बायकोस या घरातला चमचासुद्धा मिळू नये.

मी ठाण्यात होतो. दोन बोटे गेली होती, तोंड उघडले नव्हते. फौजदाराने हिला बोलावून घेतले, माझा हात पुढे ओढून दाखवला आणि म्हणाला, "अजून तीन शिल्लक आहेत, वहिनी. पेंटरला तीन तरी लागतातच ना?" मी मानेने नको नको म्हणत असताना हिने मास्तरांचे नाव सांगितले. मला सोडले. मास्तर गेले ते चादरीत गुंडाळून परत आले.

तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. जे पोलिसांना, तेच तिला. काही हवे असले की मांजराला सांगायचे, "चहा हवाय," की चहा यायचा. ते मांजर मेले तेव्हा दुसरे आणले. सुरुवातीला ती रडायची. मग "मारा हवं तर, पण बोला हो," म्हणून भांडायची. मग तिचेही तोंड मिटले. आता तीच मला कुशीवर वळवते, पुसते, चादर बदलते. ती वळवायला आली की मी अंग टाकतो. तिलाही कंबर आहे, हे मला माहीत आहे.

मी मेल्यावर दुसऱ्या दिवशी तिने अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे.

कलम चार. हे घर, वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान, समोर राहणाऱ्या मास्तरीणबाईंस, म्हणजे मास्तरांच्या बायकोस द्यावे. पहिली साक्षही त्यांचीच असावी.

एवढे लिहून झाल्यावर आज सकाळी मांजराला म्हणालो, "समोरच्या बाईंना बोलवायचंय." बायको जाऊन त्यांना घेऊन आली. मास्तरीणबाईंनी चष्मा लावून उभ्याउभ्याच सगळे वाचले.

"भावोजी, हे कशाला?"

"तुम्हाला न्याय मिळावा म्हणून, वहिनी."

"माझ्या नवऱ्याची बोटं त्या खणात असती ना, तर पहिलं तुमचं नाव सांगितलं असतं मी. पाठोपाठ अख्ख्या गल्लीचं. मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मी चांगली राहिले."

"मास्तरांनी हे ऐकलं असतं तर..."

"मास्तर गेले. मी आहे ना? त्याच वर्षी आली होती ही माझ्या दारात. दोन थोबाडीत ठेवून दिल्या मी हिच्या, सणसणीत. आणि मग जेवायला वाढलं. तेव्हापासून दुपारी तुमचा डोळा लागला की माझ्याकडेच असते ही. तुम्हीही एक ठेवून द्यायची होती, भावोजी. सुटली असती बिचारी."

"सही करणार की नाही?"

"सही नाही आणि घरही नको. आणि हिला मी आत्ताच नेते. तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची?"

बायकोने उशाशी पाणी भरून ठेवले, खिडकी उघडली. घराबाहेर पडताना बाईमाणूस "येते" म्हणते. ती माझ्याकडे बघून "जाते" म्हणाली.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, दोन साक्षीदार नसतील तर हा कागद रद्दीत घाला. दुसरा कोणी बघावा, तर सगळी गल्ली मास्तरीणबाईंच्या ऐकण्यातली. दुधवाला, इस्त्रीवाला, शेजारचा भाडेकरू, सगळ्यांना खिडकीतून हाका मारल्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी वर बघितलेही नाही.

कूस बदलायची वेळ होऊन गेली आहे. पाठ जळते. मघाशी मी बायकोला हाक मारली, नावाने, मोठ्यांदा, दोनदा. समोरची भांडी वाजलेली मला इथे ऐकू येतात, म्हणजे तिला ऐकू गेले असणारच.

कलमांत बदल नाही. वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या उजव्या हाताने, तीन बोटांत पेन धरून लिहिला आहे.

ठिकाण: पलंग, रस्त्याकडची खोली.
तारीख: आजचीच, दिवस मावळताना.
सही: केली आहे.
साक्षीदार: दोन हवेत. समोरच्या खिडकीत दोघी दिसतात, जेवायला बसल्या आहेत.