अण्णांची नमुनावही आणि बँकेचा फॉर्म

३ जून
कार्ड-सुरक्षेचा वार्षिक फॉर्म आला बँकेचा. गेली चार वर्षं न वाचता सगळीकडे ‘नाही’वर खूण करून पाठवत होते. आज चहा घेता घेता वाचला, चहा गार झाला. ‘ग्राहकाचा कार्ड नंबर, मागचे तीन आकडे लिहून ठेवता का?’
ठेवतो की! अण्णा, म्हणजे आमचे सासरे, चादरींच्या दुकानाच्या नमुनावहीत. पानाच्या एका बाजूला भैरवगढ़च्या ठप्प्याने छापलेल्या कापडाचा तुकडा चिकटवलेला. मागे परदेशातल्या गिऱ्हाइकाचं नाव, चादरीचं माप आणि कार्डाची सगळी कुंडली. फोन आला की मशीनवर नंबर दाबायचा, झालं.

४ जून
अण्णांना सांगितलं. “खोडायचं? अगं, विश्वासाने दिलेत लोकांनी. दर वेळेला विचारून परेशान करायचं का त्यांना?”
म्हटलं, वही चोरीला गेली तर?
“अपने यहाँ कौन...” म्हणाले नि थांबले. गेल्याच महिन्यात दुकानातून मोबाईल गेलाय.
पंधरापर्यंत सही नाही गेली तर मशीन बंद. मशीन बंद तर बाहेरची गिऱ्हाइकं गेली. पण आता वाचून बसलेय, खोट्यावर सही होणार नाही. वाचायलाच नको होता मेला.

७ जून
अण्णांचा अबोला. ‘चहा’ एवढंच.

९ जून
देवास गेटला दुकानात पोचले तर अण्णा वही उघडून बसलेले. हातात बुट्टीचा, म्हणजे बारीक फुलाचा, जुना लाकडी ठप्पा, शेजारी काळा रंग. एकेका नंबरावर दोन-दोनदा ठप्पा. उजेडात धरून पाहिलं, आकडा दिसेना.
“नमुना तर शाबूत आहे न?” म्हणाले. मला भरून आलं. उगाच मीही चार दिवस गाल फुगवून...

१२ जून
सही करणार तेवढ्यात फोन. टोरांटोच्या वहिनी, वहीतलं जुनं गिऱ्हाईक. दोन डबल चादरी. म्हटलं, कार्ड नंबर सांगा, वहिनी. त्या पर्स आणायला उठल्या.
इकडे गादीवर अण्णांनी डोळे मिटून सोळा आकडे म्हणून दाखवले. वर मागचे तीन. सकाळची गोळी घेतली की नाही, ते मात्र आठवत नव्हतं.
“कुठे लिहिलेलं नाहीये,” मला म्हणाले, “देख ले.”
“अजून कितीजणांचे पाठ आहेत, अण्णा?”
“सगळ्यांचेच, बेटा.”
फॉर्म समोर आहे. नंबर कुठे ठेवता? वही, कपाट, कॉम्प्युटर, सगळ्यांचे रकाने आहेत, डोक्याचा तेवढा नाही. पेनचं टोपण काढून बसलेय.